कानसेनाने पसंत केलेली गाडी

३ मार्च

मामा,

पाया पडते, मामीच्याही पाया पडते म्हणून सांग, आणि आता थेट भांडायला लागते. तीन दिवसांत अकरा वेळा फोन केला. तू एकदाही उचलला नाहीस. शेवटी मामीने उचलला आणि म्हणाली, "अगं, त्यांना पत्र टाक. ते हल्ली पत्रालाच उत्तर देतात." हल्ली म्हणजे काय रे? तू इंजिनच्या कारखान्यातून निवृत्त झालास की राजवाड्यातून?

असो. अडला हरी. मला गाडी घ्यायचीय. स्कूटर नव्हे, सुपरमोटो. मामीला समजावून सांगायचं तर मातीत उड्या मारणारी उंच, सडपातळ मोटरसायकल असते ना, तिची मातीतली चाकं काढून लहान, रुंद, रस्त्याची चाकं घातलेली. अंगाने रानातली, पायाने शहरातली. आईला हेच सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे धड ना इकडची ना धड तिकडची. तुझ्यासारखीच."

तू विचारशील, हे खूळ कुठून आलं. मामा, नऊ वर्षं मी एका स्टुलावर बसून लोकांच्या कवळ्या घासतेय. तोंडावर पट्टी, नाकात प्लास्टरची धूळ, समोर कुणाकुणाचे दात. मागच्या वर्षी आमच्या दुकानातल्या मेणकाम करणाऱ्या बाईंच्या भावाने मला गावाबाहेरच्या छोट्या ट्रॅकवर त्याच्या मागे बसवून चार फेऱ्या मारल्या. उतरले तेव्हा मला हसू आवरत नव्हतं. त्याच दिवशी ठरवलं. तिथे नवशिक्यांची तुकडी वर्षातून एकदाच निघते, बारा जणांची, एक जूनपासून. गाडी स्वतःची हवी आणि वीस एप्रिलला त्यांच्या तपासणीत पास व्हायला हवी. गेल्या वर्षी यादीत माझा नंबर तेरावा होता. यंदा अकरावा आहे. मी तेहतीस वर्षांची आहे आणि "पुढच्या वर्षी बघू" हे वाक्य आता माझ्या तोंडून निघत नाही.

पैसे साठवलेत, पण जेमतेम. वापरलेलीच घ्यावी लागेल. एक जाहिरात सोबत पाठवतेय. साडेचारशे सीसीची आहे आणि किमतीत अगदी बसते. म्हणे फक्त नव्वद तास चाललेली. तास का रे? किलोमीटर का नाही? पटकन कळव. फोनवर कळवलंस तर जास्तच बरं.

तुझी,
टिल्ली


८ मार्च

चि. टिल्लीस आशीर्वाद.

ती साडेचारशेची घेऊ नकोस. तास लिहिले आहेत म्हणजे ती शर्यतीची जात आहे. असलं इंजिन घड्याळ लावून म्हातारं होतं. दर थोड्या तासांनी ऑइल बदला, मग पिस्टन बदला, मग खिसा बदला. नव्वद तास म्हणजे ती म्हातारी झाली, म्हणून तर तुझ्या किमतीत बसते. स्वस्त गाडीइतकं महाग काही नसतं.

आहेत त्या पैशांचे चार भाग कर. तीन भागांत गाडी घे. चौथा भाग ती घरी आल्यावर आपण होऊन मागून घेते.

बघायला जाशील तेव्हा आधीच सांगून ठेव, चालू करू नका म्हणून. पोचल्यावर "नमस्कार" म्हणायच्या आधी इंजिनवर हात ठेव. कोमट जरी लागलं तरी उलटपावली घरी ये. थंड इंजिन खरं बोलतं. गरम झालं की त्याला गोड बोलायला येतं, आणि विकणाऱ्यांना ते ठाऊक असतं. मग हँडल सरळ धरून चाकाकडे बघ, दोन्ही एका रेषेत आहेत का. पुढच्या शॉकअपवर ऑइलचं वर्तुळ दिसतं का. मागचं चाक धरून आडवं हलव, खडखडलं तर आतले बेअरिंग गेले. आणि शेवटी कान. लांब पेचकसाचं टोक इंजिनवर, मूठ कानामागच्या हाडावर. बाकीचं सगळं रंगवता येतं, आवाज रंगवता येत नाही. कारखान्यात मला कानसेन म्हणायचे ते उगाच नव्हे. साहेबांचं मशीन एक सांगायचं, मी दुसरं सांगायचो, आणि इंजिन उघडलं की माझंच खरं निघायचं.

फोनचं म्हणशील तर फोनवर लोक विचार न करता बोलतात. पत्रात करावा लागतो. शिवाय इथे शांतता फार छान आहे, ती फोनने मोडवत नाही. इतकी शांतता की पाखरंसुद्धा गाव सोडून गेली असावीत.

मामा


१७ मार्च

मामा,

तुझं पत्र आलं तेव्हा ती साडेचारशेची विकली गेली होती. घेऊ नको म्हणालास ते ठीक, पण समजा "घे" म्हणाला असतास तर? दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असं चाललंय माझं, आणि दातांचा धंदा करून!

पत्र आल्यापासून दोन गाड्या पाहिल्या. पहिली एका पोहणं शिकवणाऱ्या मास्तरांची. निघताना बजावलं होतं, चालू करू नका. पोचले, नमस्काराच्या आधी हात ठेवला, आणि बोट पोळलं. मी म्हटलं, "ही गरम कशी?" तर म्हणतो, "उन्हात होती ना." मामा, आम्ही इमारतीच्या तळघरात उभे होतो! तिथे दिवासुद्धा धड नव्हता. मी तशीच वळले तर मागून ओरडतो कसा, "ताई, निदान बसून तरी बघा, मुलींना बसून बघायला आवडतं." मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. घरी येईपर्यंत चार चांगली उत्तरं सुचली, आता ती काय लोणच्याला घालू?

दुसरी एका नळदुरुस्तीवाल्याची. मातीतली गाडी घेऊन त्याने स्वतःच चाकं बदललेली. इंजिन थंड, कागदपत्रं बरी, माणूस भला. मी वर चढले आणि पाय खाली टेकेनात. अंगठासुद्धा नाही. तो म्हणाला, "होईल सवय." सवय व्हायच्या आत गाडी डावीकडे कलली. अगदी सावकाश कलली, मला सगळं कळत होतं आणि काहीच करता येत नव्हतं. मी, गाडी आणि त्याच्या बायकोच्या तीन कुंड्या. कुंड्यांचे पैसे मी दिले. वहिनींनी गुडघ्याला लावायला बर्फ दिला आणि विचारलं, "घरी कुणी मोठं माणूस नाही का, असल्या गोष्टी बघायला?"

आहे, म्हटलं. पत्र लिहितं.

चौतीस दिवस उरलेत. माझा धीर सुटत चाललाय, मामा. मला राग गाडीवाल्यांचा येतोय, माझ्या उंचीचा येतोय आणि सगळ्यात जास्त तुझ्या त्या शांततेचा येतोय. तू एकदा फोनवर असतास आणि मी गाडीजवळ उभी असते तर पाच मिनिटांचं काम होतं.

टिल्ली


२३ मार्च

चि. टिल्लीस आशीर्वाद.

बर्फ लावत राहा. आणि आता नीट वाच.

इथे आमच्या गल्लीच्या टोकाला एक जमीन मोजणारे गृहस्थ आहेत. बदली होऊन चाललेत. त्यांच्याकडे सुपरमोटो आहे, चारशेची, कंपनीतूनच तशी आलेली, घरी चाकं बदललेली नव्हे. दहा वर्षांची. त्यांची बायको चालवायची, ती तुझ्याएवढीच आहे. तिने सीटचा फोम कापून घेतलाय. तुझे दोन्ही अंगठे टेकतील, कदाचित चवडेही. किंमत तुझ्या तीन भागांत बसते.

मी काल सकाळी मामीला घेऊन गेलो. इंजिनवर हात ठेवला, गार. हँडल आणि चाक एका रेषेत. शॉकअप कोरडे. मग पेचकस लावला आणि त्यांना चालू करायला सांगितलं. टिल्ली, फार वर्षांनी असा आवाज ऐकला. आधी एकदा खाकरली, मग लागली. खालच्या अंगाला भरल्या पिंपावर तळहाताने थाप मारावी तसा जड, सावकाश ठोका, एकही चुकलेला नाही. वरच्या अंगाला शेजारच्या खोलीत कुणी शिलाई मशीन चालवत असावं तशी बारीक टिकटिक. ती व्हॉल्व्हची. ती असायलाच हवी, अगदीच गप्प व्हॉल्व्ह म्हणजे आवळलेला व्हॉल्व्ह. रेस सोडली की दोन्ही आवाज हात धरून खाली येतात, मधे काही किरकिर नाही, खडखड नाही. आणि बंद केल्यावर एक सुस्कारा टाकून गप्प झाली.

कारखान्यात इंजिनं तपासायच्या खोलीत चाळीस वर्षांत असा आवाज मी फार तर पाच-सहा वेळा ऐकला असेल. मी तिथेच म्हणालो, "आवाज काय गोड आहे हो!" डोळे झाकून घे.

मामा


२८ मार्च

मामा!

घेतली! पैसे आजच पाठवले, मामीच्या हाती पोचतील. सामान नेणाऱ्या ट्रकवाल्याशी बोलले, तो दहा तारखेपर्यंत आणून देईल. चौथा भाग राखून ठेवलाय, अगदी तू म्हणालास तसा.

तुझं पत्र मी दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं. तो पिंपाचा भाग आणि शिलाई मशीनचा भाग. मेणवाल्या बाई म्हणाल्या, "हे काय गाडीचं वर्णन आहे की स्थळाचं?" मी सगळ्यांना सांगत सुटलेय, माझ्या मामाने ऐकून पसंत केलीय म्हणून. मागच्या पत्रात वाकडं लिहिलं ते विसर. तुझी शांतता तुला लखलाभ.

टिल्ली


२१ एप्रिल

मामा,

आज पाया पडत नाही.

काल तपासणी होती. बारा गाड्या ओळीने उभ्या. तपासनीस पांढऱ्या मिशांचे, हातात पाटी घेऊन प्रत्येक गाडीजवळ जात होते. माझ्याजवळ आलेच नाहीत. मी गाडी चालू केली आणि त्यांनी दहा पावलांवरूनच हात वर केला. "बंद करा." मला वाटलं, दुसऱ्या कुणाला म्हणतायत. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

ते म्हणाले, "आतून डब्यात खिळे हलवल्यासारखं वाजतंय. ट्रॅकवर फुटलं तर ऑइल सांडेल आणि मागची पोरं घसरतील. ही गाडी कुणाला दाखवून घेतलीत?" मी मान ताठ करून सांगितलं, "माझ्या मामांना. चाळीस वर्षं इंजिनं ऐकलीत त्यांनी." कुणीच हसलं नाही, मामा. हसले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "मग मामांनी तुमची चेष्टा केली." आणि पाटीवर फुली मारली.

खरी चीड कशाची येतेय सांगू? मला पहिल्या दिवसापासून ऐकू येत होतं. ट्रकमधून उतरवली, चालू केली आणि ते खिळे वाजायला लागले. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी खिडकी लावून घेतली. पण मी काय केलं? वर गेले, तुझं पत्र काढलं, त्यात "खडखड नाही" असं लिहिलेलं वाचलं, आणि ठरवलं की माझेच कान अडाणी आहेत. दहा दिवस मी माझ्या कानांना खोटं पाडलं, कारण तू लिहिलं होतंस. अशी मूर्ख बाई तुला शोधून सापडणार नाही.

चौकातला मेस्त्री म्हणतो, अख्खं इंजिन उघडावं लागेल. तेवढे पैसे माझ्याकडे नाहीत, चौथा भाग त्याला पुरणारच नाही. नापास गाड्यांना अठरा मेला एक शेवटची संधी आहे. नाहीतर तेरावा माणूस यादीत टपून बसलेलाच आहे. गेल्या वर्षी तेरावी मीच होते, त्यामुळे तो किती टपून असेल ते मला नेमकं माहीत आहे.

एकच विचारते आणि थांबते. तू गाडी बघायला गेला तरी होतास का? की घरबसल्या छान छान लिहिलंस? जमत नव्हतं तर सरळ कानांवर हात ठेवायचे होतेस. मी समजून घेतलं असतं.

टिल्ली


२७ एप्रिल

टिल्ले,

हे पत्र तुझ्या मामांना न सांगता लिहितेय. ते गच्चीवर बसलेत. तुझं पत्र आल्यापासून तिथेच असतात, खालून हाक मारून उपयोग नसतो म्हणून मी चढून जाऊन हात धरून जेवायला आणते. खालून हाक मारून उपयोग का नसतो, तेच सांगायला बसलेय.

त्यांना ऐकू येत नाही गं. निवृत्त झाले तेव्हाच कमी झालं होतं, आता दोन वर्षांत फारच. अगदी बहिरे नाहीत. दार आपटलं, ट्रक गेला, ढोबळ काही असलं की कळतं. बारीक काही कळत नाही. दाराची घंटा नाही, घड्याळ नाही, फोनमधलं तर एक अक्षर नाही. त्या कारखान्याने कान घेतले आणि निरोपाला घड्याळ दिलं. मला शपथ घातलीय, कुणाला सांगायचं नाही, आणि तुझ्या आईला तर मुळीच नाही. म्हणतात, "कानसेन बहिरा झाला म्हणून लोक हसतील." पाखरं गाव सोडून गेली असं तुला लिहिलं ना? मी हे लिहितेय तर खिडकीत सहा-सात पाखरं नुसता उच्छाद मांडून बसलीत.

आणि ते गेले होते, टिल्ले. तसं म्हणू नकोस पुन्हा. मी सोबत होते. मलाही ते खिळे ऐकू येत होते. पण मला वाटलं, अशा गाड्या अशाच वाजत असतील, मला मेलीला काय कळतंय? हे पेचकस लावून, डोळे मिटून उभे, आणि चेहरा इतका खुललेला की लग्नातही तसा नव्हता. तो मोजणीवाला बिचारा खाली मान घालून उभा होता. तो काहीतरी बोलायला तोंड उघडणार, बहुतेक किंमत कमी करतो म्हणणार, एवढ्यात हे ओरडले, "आवाज काय गोड आहे हो!" त्याने तोंड मिटलं. मीही मिटलं. आपल्या घरात यांनी ऐकलं म्हणजे ऐकलं, असं चालत आलंय ना. चूक माझी आहे. मी त्यांचा मान ठेवायला गेले आणि तुझं वाटोळं केलं.

आता तुला काय करायचं ते कर. रागावलीस तर माझ्यावर रागाव.

मामी


१ मे

मामा,

पाया पडते. आज खरंच पडते.

मागच्या पत्रातला शेवटचा परिच्छेद फाडून टाक. तू गेला होतास, मला माहीत आहे. तसं विचारल्याची मला फार लाज वाटतेय.

आता कामाचं. मेस्त्रीला इंजिन उघडू दिलेलं नाही. अठरा तारखेपर्यंत दोनच पत्रं जाऊन येतील, तेव्हा नीट लिहिते. मला इंजिनातलं कळत नाही, पण कवळी तोंडात कुठे घासते ते म्हातारी माणसं मला शब्दांतच सांगतात आणि मी बरोबर तेवढीच जागा उतरवते. तसं मी तुला सांगते. तू सांग कुठे घासतंय.

रोज सकाळी थंड गाडी चालू केली. लांब पेचकस घेतला, मूठ कानामागे. आवाज खालून येत नाही. खाली पिंपावर थाप मारावी तसा ठोका आहे, जड आणि सारखा, तो तू लिहिलास तस्साच आहे. खिळे वरच्या अंगाला आहेत, आणि उजवीपेक्षा डावीकडे जास्त. डाव्या बाजूला, सिलिंडरच्या मागे दोन स्क्रूंनी बसवलेला अंगठ्याएवढा तुकडा आहे, तिथे पेचकस ठेवला तर दातांपर्यंत झिणझिणतं. चालू केल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं फार, मग कमी, पण जात नाही. रेस वाढवली की एकसारखा होतो, सोडली की खळ्ळ करून पुन्हा सुटतो. चढावर वाढत नाही. ऑइल काढून पांढऱ्या फडक्यावर पसरलं, चमकणारा कण नाही. गाडी कुठे दबत नाही, ओढ तशीच आहे.

फोन करत नाहीये. पत्रच बरं. तू म्हणतोस ते खरं आहे, पत्रात विचार करावा लागतो.

टिल्ली


५ मे

चि. टिल्लीस आशीर्वाद.

तुझ्या पत्रात एकही वाकडा शब्द नाही, म्हणजे मामीने तुला सगळं सांगितलं. मी तिला विचारलं, तिने होकाराची मान हलवली. काल दिवसभर आम्ही बोललो नाही. तसंही एकाला ऐकू येत नसलं की अबोला धरायला फार कष्ट पडत नाहीत.

आधी गाडी. मेस्त्रीला हात लावू देऊ नकोस. खालचा ठोका सारखा आहे, चढावर आवाज वाढत नाही, ऑइल स्वच्छ आहे, म्हणजे पोट ठणठणीत आहे. इंजिनच्या आत वरचे व्हॉल्व्ह फिरवणारी एक बारीक साखळी असते, टायमिंग चेन. तिला ताणून धरायचं काम त्या अंगठ्याएवढ्या तुकड्याचं. तो थकलाय. आतली साखळी सैल पडून भिंतीवर आपटते, तेच तुझे खिळे. मेस्त्रीकडून नवी चेन घाल, आणि ताणणारा तुकडा आपोआप चालणारा घेऊ नकोस, बाहेरून स्क्रूने आवळायचा मिळतो तो घे. चेन घालताना एवढंसंच उघडावं लागतं. चौथ्या भागात होईल. मग इंजिन चालू ठेवून तो स्क्रू पाव पाव आटा, म्हणजे पाव पाव वेढा, आत घे. खिळे जिथे थांबतील तिथे थांब. त्यापुढे गेलीस तर कुईं असा बारीक सूर येईल, मग अर्धा आटा माघारी. हे कानाचं काम आहे आणि ते तुझं तुलाच करावं लागेल.

आता माझं. मी तुला फसवलं नाही गं, एवढं खरं मान. पेचकस लावला आणि मला सगळं ऐकू आलं. पिंप आलं, शिलाई मशीन आलं, शेवटचा सुस्कारा आला. हाताला इंजिन थरथरत होतं आणि बाकीचं मनाने पुरवलं. चाळीस वर्षांची सवय ऐकत होती, कान नव्हे. तुझं पत्र वाचेपर्यंत मला ते कळलंसुद्धा नाही. त्या तपासनिसांनी म्हटलं ते खरं आहे, चेष्टाच झाली. फक्त तुझी एकटीची नाही झाली.

फोन का उचलत नाही ते आता कळलंच. पलीकडून कुणीतरी भिंतीआडून बोलतंय असं वाटतं, आणि मी "हो हो" म्हणत बसतो. एकदा तुझी आई काहीतरी दुःखाचं सांगत होती आणि मी हसलो. त्यानंतर फोनला हात लावला नाही.

मी आता कुणाची गाडी पसंत करणार नाही.

मामा


१९ मे

मामा,

शेवटचं वाक्य मला मान्य नाही, पण ते नंतर.

चेन घातली. मेस्त्री आधी गाल फुगवून बसला होता, जुना तुकडा हातात आला तेव्हा गालातली हवा गेली. "हे कुणी ओळखलं?" म्हणाला. मामाने, म्हटलं. "कधी ऐकलं त्यांनी?" ऐकलं नाही, वाचलं. त्याला वाटलं मी त्याची टर उडवतेय. चौथ्या भागातले थोडे पैसे उरलेसुद्धा, त्यातून हातमोजे घेतले.

स्क्रू आवळायचं काम मात्र मी त्याला दिलं नाही. परवा सकाळी गाडी अंगणात उभी केली, पेचकस घेतला, आणि सीटवर तुझं तेवीस मार्चचं पत्र उघडून ठेवलं. वाऱ्याने उडू नये म्हणून वर एक प्लास्टरची कवळी ठेवली, दुसरं जड काही हाताशी नव्हतं. शिंपीणबाई खिडकी लावायला आल्या होत्या, त्या बघतच उभ्या राहिल्या.

पाव आटा. खिळे कमी झाले. पत्र वाचलं. "मधे किरकिर नाही." होती अजून. पाव आटा. पुन्हा वाचलं. अजून पाव, आणि कुईं! तू म्हणालास तस्सा. अर्धा मागे घेतला, थोडा पुढे, थोडा मागे. तासभर तेच चाललं होतं. एक ओळ वाचायची, ऐकायचं, फिरवायचं. आणि मग एकदम मान वर करून खिडकीकडे बघितलं, कारण मला वाटलं शिंपीणबाई आत जाऊन मशीनवर बसल्या. तर त्या तिथेच उभ्या होत्या. टिकटिक माझ्या गाडीतून येत होती.

मी रडले, मामा. हातात पेचकस धरून, अंगणाच्या मधोमध.

काल तपासणी झाली. तपासनीस या वेळी जवळ आले, वाकले, बराच वेळ वाकून राहिले. मग मला म्हणाले, "आता व्हॉल्व्हसुद्धा ऐकू येतायत. कुणी बसवलं हे?" मी खिशातून तुझं पत्र काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून तो परिच्छेद वाचला, मग पुन्हा इंजिनकडे कान केला, मग पुन्हा वाचला. पाटीवर बरोबरची खूण केली आणि पत्र घडी करून परत देताना म्हणाले, "तारीख मार्चची आहे." हो, म्हटलं. माझ्या मामाला थोडं आधी ऐकू येतं.

एक जूनला सकाळी नऊ वाजता पहिली फेरी आहे. मामी तुला घेऊन येतेय, तिकिटं पाठवलीत, वाद घालायचा असेल तर पत्राने घाल, ते पोचेपर्यंत तू इथे असशील. आईला मी सगळं सांगितलं. ती हसली नाही. फोनवर तू हसलास तो दिवस तिला आठवत होता. म्हणाली, "म्हणून होय," आणि बराच वेळ डोळे पुसत बसली.

तू आलास की इंजिनवर हात ठेव आणि मी कानात ओरडून सांगते, वर काय वाजतंय, खाली काय वाजतंय. आणि पुढच्या वर्षी मेणवाल्या बाईंना गाडी घ्यायचीय. त्यांनी आत्ताच विचारून ठेवलंय, तुझे मामा पत्राने ऐकतात का म्हणून. मी हो म्हणून बसलेय.

अंगणातलं एक सांगायचं राहिलं. सगळं झाल्यावर मी पत्रातली शेवटची ओळ वाचली आणि गाडी बंद केली. तिने एक सुस्कारा टाकला आणि गप्प झाली.

तुझी,
टिल्ली